जुन्या कॉम्प्युटरला ४ टीबीची हार्ड डिस्क: फॉरमॅट मारला की चालते, काही महिन्यांनी परत अडते

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते: "मोठी डिस्क टाकली, मस्त चालत होती, काल अपडेट झालं आणि आज चालूच होत नाही." मशीन जुनं असतं. कोअर टू ड्युओ, इंटेलच्या जी३१ किंवा जी४१ चिपसेटचा बोर्ड, २००८-०९ च्या आसपास असेंबल केलेलं. मूळची १६० किंवा ३२० जीबीची डिस्क भरली म्हणून ४ टीबीची आणून बसवलेली, आणि विंडोज ७ ला जानेवारी २०२० नंतर अपडेट मिळेनात म्हणून वर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलेलं. सुरू करताना काळ्या पडद्यावर "अटेम्प्ट टू रीड ऑर राइट आउटसाइड ऑफ डिस्क एचडी झिरो" अशी ओळ येते, तिच्याखाली "यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट". दुकानात नेलं की फॉरमॅट मारून मिळतो, मशीन चालू होतं, आणि काही महिन्यांनी परत तेच. पुढच्या खेपेला निदान ठरलेलं: डिस्क गेली, बदला.

बदलायच्या आधी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट लिनक्स चालवणाऱ्या) मशीन सुरू करा आणि "डिस्क्स" या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा, अहवाल बघा. रीअ‍ॅलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर शून्य, पेंडिंग (संशयित) सेक्टर शून्य (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा), फाइल मॅनेजरमध्ये चारही टीबी हजर, फोटो उघडतायत, गाणी वाजतायत, असं असेल तर डिस्क ठणठणीत आहे. मग तीच डिस्क स्वतःवरून सुरू का होत नाही? मोठ्या डिस्कच्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ या एका प्रश्नात आहे, म्हणून तो आधी घेतो. विंडोजवाल्यांनीही हा भाग वाचावा. नावं बदलतात, भानगड तीच आहे.

बायोसला कुठपर्यंत दिसतं

मशीन सुरू होताना डिस्क दोन वेगळ्या वाटांनी वाचली जाते. बटण दाबल्यापासून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरीत येईपर्यंत डिस्क वाचायचं काम बायोसकडे, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये बसलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमकडे असतं. ग्रब हा बूटलोडर, म्हणजे लिनक्सचा कर्नल उचलून सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, सहसा स्वतः सॅटा कंट्रोलरच्या (डिस्क जिला जोडतात त्या चिपच्या) वाटेला जात नाही. तो बायोसला इंटरप्ट १३एच या ठरलेल्या हाकेमार्फत सांगतो की अमुक क्रमांकाचा सेक्टर आणून दे, आणि बायोस आणून देईल तेवढ्यावर काम भागवतो. एकदा कर्नल मेमरीत आला की तो बायोसला बाजूला सारतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरने थेट कंट्रोलरशी व्यवहार करतो. त्याच्या लेखी ४ टीबी म्हणजे काहीच नाही. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सगळी डिस्क दिसते ती यामुळेच. तिथे बायोसला फक्त पेन ड्राइव्ह वाचावा लागला, मोठ्या डिस्कशी त्याचा संबंधच आला नाही.

आता थोडा हिशेब. एक सेक्टर ५१२ बाइटचा. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत ठेवला तर ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर मोजता येतात, म्हणजे साधारण २.२ टीबी. ४ टीबीच्या डिस्कवर सेक्टर असतात ७,८१,४०,३७,१६८. जुना बायोस हा आकडा ३२ बिटांत कोंबतो तेव्हा वरचा भाग गळून पडतो. जुन्या स्कूटरचं मीटर ९९,९९९ किलोमीटरनंतर पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं तसा प्रकार. उरतात ३,५१,९०,६९,८७२ सेक्टर, आणि बायोसच्या पडद्यावर ४ टीबीच्या डिस्कपुढे १८०१ जीबी लिहून येतं. डिस्क विकणाऱ्याने फसवलं असं इथे अनेकांना वाटतं. ३ टीबीच्या डिस्कचे याच हिशेबाने ८०१ जीबी होतात, आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं म्हणून तिथे ७४६ दिसतात. ७४६ हा आकडा लक्षात ठेवा, खाली परत लागेल.

सगळे जुने बोर्ड असे नसतात. त्याच काळातले काही बायोस ४८ बिटांचा क्रमांक शेवटपर्यंत नीट सांभाळतात. तुमचा कुठला आहे ते अंदाजाने ठरवू नका. बायोसच्या पहिल्या पानावर डिस्कच्या नावापुढचा आकडा वाचा. ग्रबचा मेनू येत असेल तर तिथे इंग्रजी सी दाबा, आज्ञा द्यायची जागा उघडेल. तिथे एलएस ही आज्ञा एल या पर्यायासह दिली की प्रत्येक डिस्कचं आकारमान येतं. ग्रब हा आकडा बायोसकडून घेतो, त्यामुळे बायोस त्याला काय सांगतोय ते उघड होतं. ४ टीबीच्या डिस्कला ३९० कोटी केबीच्या पुढचा आकडा यायला हवा. १७६ कोटींच्या आसपास आला तर चोर सापडला.

मग सुरुवातीला चालतं कसं?

ताजं इन्स्टॉलेशन रिकाम्या डिस्कवर होतं तेव्हा कर्नलची फाइल, ग्रबचे मोड्यूल आणि मेनूची फाइल हे सगळं डिस्कच्या पुढच्या भागात पडण्याची शक्यता जास्त. बायोसच्या टप्प्यात असल्यामुळे मशीन सुरू होतं. पुढे फोटो, व्हिडिओ, बॅकअप साठत जातात. एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम डिस्क १२८ एमबीच्या गटांत वाटून घेते आणि नवी फाइल शक्यतो आपल्या फोल्डरजवळच्या गटात ठेवते. तिथे जागा नसेल तर जिथे सापडेल तिथे. एके दिवशी अपडेट नवा कर्नल आणतं, त्याची फाइल अडीच-तीन टीबीच्या पल्याड जाऊन बसते, आणि पुढच्या वेळी ग्रब बायोसकडे असा सेक्टर मागतो जो बायोसच्या हिशेबी डिस्कवर नाहीच. पडद्यावरच्या त्या ओळीचा अर्थ शब्दशः हाच आहे.

दोष अपडेटमध्ये नाही. नवीन फाइल कुठे पडली एवढाच प्रश्न आहे. म्हणून फॉरमॅट मारल्यावर मशीन सुरू होतं, आणि म्हणूनच परत बंद पडतं. मुळात सगळी डिस्क एकाच मोठ्या पार्टिशनमध्ये (डिस्कच्या वेगळ्या आखलेल्या भागात) टाकलेली असते, ते कोणी बदललेलं नसतं.

खात्री करून घ्यायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे ग्रबच्या मेनूत "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" उघडून आधीचा कर्नल निवडणे. जुन्या फाइल पुढच्या भागात असतात, त्यामुळे मशीन गुपचूप सुरू होतं. तसं झालं तर दुसऱ्या पुराव्याची फारशी गरज नाही. तरी बघायचंच असेल तर टर्मिनलमध्ये एचडीपार्म या आज्ञेचा फिबमॅप हा पर्याय वापरून बूट फोल्डरमधल्या दोन्ही कर्नल फाइल तपासा. फाइल कुठल्या सेक्टरपासून कुठल्या सेक्टरपर्यंत आहे ते छापून येतं. जुन्या कर्नलपुढे काही लाखांचा किंवा कोटींचा आकडा असेल, नव्यापुढे बायोसच्या मर्यादेपेक्षा मोठा. उबुंटूवाल्यांच्या ओळखीचं बूट रिपेअर हे साधनही कधीकधी हीच सूचना देतं, की बूटच्या फाइल डिस्कच्या सुरुवातीपासून फार लांब आहेत, पुढच्या भागात वेगळं बूट पार्टिशन करा. लोक ती सूचना न वाचता खिडकी बंद करतात.

जुना कर्नल निवडून काम भागवत राहू नका. साफसफाईत जुने कर्नल आपोआप काढले जातात. शिवाय ग्रबच्या मेनूची फाइल दर अपडेटला नव्याने लिहिली जाते. ती पल्याड गेली की मेनूही येत नाही, नुसती ग्रबची आज्ञा द्यायची जागा येऊन थांबते.

कायमचा इलाज

बूटला लागणाऱ्या फाइलना डिस्कच्या अगदी सुरुवातीला स्वतःचं छोटं पार्टिशन द्यायचं. मग बाकीची डिस्क कितीही भरू दे, कर्नल त्या कुंपणाबाहेर जाऊच शकत नाही.

नव्याने इन्स्टॉल करत असाल तर "इरेज डिस्क" हा सोपा पर्याय निवडू नका, "समथिंग एल्स" घ्या आणि पार्टिशन हाताने करा. डिस्क जीपीटी पद्धतीची (पार्टिशनची यादी लिहायची नवी पद्धत). पहिलं पार्टिशन १ एमबीचं, फॉरमॅट न केलेलं, त्यावर बायोस ग्रब हा फ्लॅग. हे नसेल तर बायोसच्या मशीनवर जीपीटी डिस्कमध्ये ग्रबला आपला गाभा ठेवायला सुरक्षित जागा मिळत नाही आणि इन्स्टॉलेशन शेवटच्या पायरीला रडतं. दुसरं पार्टिशन १ ते २ जीबीचं, एक्स्ट४, माउंट पॉइंट बूट. त्यानंतर सिस्टिमला ६०-८० जीबी आणि उरलेलं सगळं होमला. बूटचं पार्टिशन अर्ध्या जीबीचं करू नका. आताच्या कर्नलबरोबर येणाऱ्या फाइल फुगलेल्या असतात, तीन कर्नल साठले की जागा संपते आणि अपडेट अर्धवट अडकतं. ते निस्तरणं मूळ रोगापेक्षा कटकटीचं आहे.

डिस्क आधीच भरलेली असेल तर जीपार्टेडमधून मोठ्या पार्टिशनची डावी कड सरकवून पुढे जागा करता येते. मला हा मार्ग आवडत नाही. डावी कड सरकवायची म्हणजे सगळा डेटा उचलून थोडा पुढे ठेवायचा. काही टीबीला त्याला कित्येक तास लागतात आणि मध्ये लाइट गेली तर त्या पार्टिशनची शाश्वती राहत नाही. घरचा यूपीएस एवढा वेळ तग धरत नाही. बॅकअप असेल तरच करा, आणि बॅकअप असेल तर सरळ नव्याने पार्टिशन केलेलं बरं.

त्यापेक्षा बूटचं फोल्डर दुसऱ्याच कुठल्यातरी छोट्या डिस्कवर हलवा. घरात पडलेला ८ जीबीचा पेन ड्राइव्हसुद्धा चालतो. जुन्या कर्नलवरून मशीन सुरू करा, पेन ड्राइव्हवर एक्स्ट४ पार्टिशन करा, बूट फोल्डरमधलं सगळं परवानग्यांसकट त्यावर कॉपी करा, एफएसटॅब फाइलमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) त्या पार्टिशनच्या यूयूआयडीची, म्हणजे ओळख क्रमांकाची, ओळ घाला आणि ते बूट या जागी माउंट करा. मग ग्रब त्या पेन ड्राइव्हवर इन्स्टॉल करून मेनू नव्याने लिहून घ्या. बायोसमध्ये पहिलं बूट डिव्हाइस म्हणून तोच निवडा. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावा, पुढे लावला तर कोणीतरी गाणी भरून घ्यायला काढून नेतो.

एक फाटा इथेच सांगतो. पार्टिशन सगळी बरोबर, ग्रब व्यवस्थित इन्स्टॉल झालाय, तरी बायोस "नो बूटेबल डिव्हाइस" म्हणून हात वर करतो, असं काही बोर्डांवर होतं. जीपीटी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या प्रोग्रॅमना गप्प बसवण्यासाठी एक नावापुरतं एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीची पार्टिशनची यादी, असतं. त्यात कुठलंही पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह म्हणून खूण केलेलं नसतं, आणि काही बायोस ती खूण दिसल्याशिवाय पुढे सरकतच नाहीत. पार्टेडमध्ये डिस्कला पीएमबीआर बूट हा फ्लॅग चालू केला की काम होतं.

विंडोज असेल तर

इथे अडचण आणखी एक पायरी अलीकडे येते. एमबीआर या जुन्या पद्धतीत पार्टिशनचा सुरुवातीचा सेक्टर आणि लांबी दोन्ही ३२ बिटांत लिहिली जातात, म्हणजे बायोस कितीही शहाणा असला तरी २ टीबीच्या पुढची जागा पार्टिशनमध्ये घेता येत नाही. जीपीटीत हा क्रमांक ६४ बिटांचा, तिथे ही अडचण नाही. पण विंडोज जीपीटी डिस्कवरून फक्त यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी पद्धत) असलेल्या बोर्डावर सुरू होतं. साध्या बायोसवर होत नाही. जी३१ च्या बोर्डावर विंडोज ७ ची डीव्हीडी घालून ४ टीबी जीपीटी डिस्क निवडली की सेटअप सांगतं, ही डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, इथे इन्स्टॉल करता येणार नाही. लोक मग विंडोजच्या डिस्कपार्ट या आज्ञेतून क्लीन मारून (डिस्क पुसून) ती एमबीआर करतात. इन्स्टॉल होतं, पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये २०४८ जीबीनंतर १६७८ जीबी अनअ‍ॅलोकेटेड पडून राहतात आणि त्यावर राइट क्लिक केलं तर नवीन व्हॉल्यूमचा पर्याय फिका असतो.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. ३ टीबीच्या डिस्कपुढे २०४८ आणि त्याच्या शेजारी ७४६ अनअ‍ॅलोकेटेड दिसत असेल तर पार्टिशन पद्धत एमबीआर आहे. पूर्ण डिस्कच ७४६ जीबीची दिसत असेल तर पार्टिशनला हात लावू नका. तिथे मधला कोणीतरी आकडा कापतोय, बायोस किंवा डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर. इंटेलच्या रॅपिड स्टोरेज ड्रायव्हरच्या १०.१ च्या आधीच्या आवृत्त्यांत हे होत असे, ड्रायव्हर बदलला की उरलेली जागा परत दिसते.

विंडोज १० मध्ये १७०३ आवृत्तीपासून एमबीआर टू जीपीटी ही सोय आली, डेटा न घालवता डिस्कची पद्धत बदलते. व्हिडिओ बघून लोक ती जुन्या मशीनवर वापरायला जातात. ती यूईएफआय असलेल्या बोर्डासाठी आहे. साध्या बायोसवर पद्धत बदलली की पुढच्या वेळी विंडोज सुरूच होणार नाही. आधी रन खिडकीत एमएसइन्फो३२ टाकून "बायोस मोड" ही ओळ बघा. तिथे लेगसी असेल तर दोन शक्यता: बोर्डावर यूईएफआय नाहीच, किंवा आहे पण मशीन जुन्या पद्धतीने सुरू होतंय. इंटेलच्या ६ सिरीजच्या चिपसेटपासून, म्हणजे २०११ च्या सुमाराच्या एच६१ वगैरे बोर्डांपासून, यूईएफआय बऱ्यापैकी सर्रास झालं. तुमचा बोर्ड तसा असेल तर निम्मी लढाई जिंकली. बूट मेनूत त्याच पेन ड्राइव्हची दोन नावं दिसतील. ज्याच्या पुढे यूईएफआय लिहिलंय ते निवडून ६४ बिटांचं विंडोज जीपीटीवर टाका, आणि पूर्ण डिस्क तुमची.

यूईएफआय नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या डिस्कवरून विंडोज सुरू करायचा नाद सोडा. यूईएफआयचा आभास निर्माण करणारे क्लोव्हरसारखे बूटलोडर आहेत, ज्यांना खटपटीची हौस आहे त्यांनी जरूर करावं, पण दुसऱ्याच्या मशीनवर मी ते बसवणार नाही. १२० किंवा २४० जीबीची सॅटा एसएसडी घ्या, विंडोज तिच्यावर टाका, आणि ४ टीबीची डिस्क जीपीटी करून निव्वळ डेटासाठी ठेवा. सुरू होताना बायोसला फक्त एसएसडी वाचावी लागते. विंडोज ७ आणि त्यानंतरच्या सगळ्या आवृत्त्या, ३२ बिटांच्याही, जीपीटी डिस्क डेटासाठी नीट वापरतात. जुन्या मशीनला एसएसडीचा वेग मिळतो तो वेगळाच.

हे करताना विंडोज टाकायच्या वेळी मोठ्या डिस्कची सॅटा केबल काढून ठेवा. दोन्ही डिस्क लावलेल्या असल्या आणि बायोसच्या यादीत मोठी पहिली असली तर सेटअप विंडोज एसएसडीवर टाकतं आणि बूटच्या फाइल मात्र मोठ्या डिस्कवर ठेवून देतं. पुढे कधी ती डिस्क काढली की एसएसडी मुकी होते. नवीन डिस्क लावली की काही बायोस स्वतःहून तिला यादीत वर नेतात, त्यामुळे "हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी" हे पान प्रत्येक वेळी उघडून बघायची सवय ठेवा.

एसएसडीचं जमत नसेल आणि विंडोज त्याच डिस्कवर हवं असेल तर एमबीआर ठेवा, सी ड्राइव्ह सगळ्यात पहिला आणि १०० जीबीच्या आतबाहेरचा करा, २ टीबीच्या पुढची जागा विसरा. विंडोजचा लोडर आणि कर्नलसुद्धा बायोसमार्फतच वाचले जातात. सी छोटा आणि पुढे असला की ते मर्यादेबाहेर जात नाहीत.

त्याहून जुनी, पेंटियम ४ च्या सुरुवातीची मशीन अजून काही कारखान्यांत एखादा कटर किंवा वजनकाटा सांभाळत बसलेली असतात. तिथली भिंत १३७ जीबीची, कारण क्रमांक २८ बिटांचा. एक्सपीला सर्व्हिस पॅक १ नसेल तर तेही १३७ च्या पुढे जात नाही. विंडोज ९८ तर मूळ ड्रायव्हरवर त्या पुढे लिहायला लागलं की डिस्कच्या सुरुवातीचाच डेटा खराब होऊ शकतो. अशा मशीनला ८० जीबीची डिस्क शोधून लावा आणि विषय संपवा.

डिस्क दिसतच नसेल

वरचं सगळं डिस्कचं नाव बायोसमध्ये येत असेल तर. नावच येत नसेल तर पार्टिशन, ग्रब, विंडोज यांचा काही संबंध नाही, स्क्रू ड्रायव्हर घ्या.

डिस्कवर हात ठेवून ती फिरतेय का बघा. फिरतच नसेल आणि डिस्क अगदी नव्या पिढीची, ८ टीबी किंवा त्याहून मोठी, विशेषतः एक्स्टर्नल डब्यातून काढलेली असेल तर तिसरी पिन आठवा. सॅटाच्या पॉवर जोडणीतल्या पहिल्या तीन पिना मूळ योजनेत ३.३ व्होल्टसाठी होत्या. नव्या ठरावात तिसरी पिन डिस्क बंद ठेवायचा इशारा देण्यासाठी वापरली जाते. जुना एसएमपीएस (पॉवर सप्लाय) तिथे ३.३ व्होल्ट देत राहतो आणि डिस्क आज्ञाधारकपणे बंदच बसते. त्या पिनेवर कॅप्टॉन टेपची पट्टी चिकटवा, किंवा मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून सॅटा करणारी वायर वापरा, तिच्यात ३.३ व्होल्टची तार नसते. वायर घेताना एकसंध प्लास्टिक ओतलेलं टोक असलेली घेऊ नका. तसल्या टोकांत आत तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. ज्यात तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेल्या दिसतात ती घ्या.

डिस्क फिरतेय पण नाव नाही, आणि बोर्ड २००४-०५ च्या काळातला, व्हीआयएच्या व्हीटी८२३७ चिपचा असेल, तर वेगाची गाठ आहे. ती चिप १.५ गिगाबिटच्या सॅटाची, नवी डिस्क तिच्याशी वेग जुळवून घेऊ शकत नाही. ज्या डिस्कच्या मागे जंपरच्या पिना असतात तिथे जंपर लावून वेग १.५ वर आणता येतो, कुठल्या दोन पिना ते डिस्कच्या लेबलवर छापलेलं असतं.

कधीकधी बायोस डिस्क ओळखताना तिथेच गोठतो. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर बायोसची शेवटची आवृत्ती मिळाली तर आधी ती टाका. नाहीतर डेटाच्या डिस्कचा पोर्ट बायोसमध्ये "नन" करून बघा. बायोस तिच्याकडे दुर्लक्ष करतो, लिनक्स मात्र सुरू झाल्यावर ती स्वतः शोधून काढतं. पूर्ण कंट्रोलर बंद करू नका, नाहीतर कोणालाच काही दिसणार नाही.

आणि डिस्क दिसतेय पण रिकामी? एक्स्टर्नल डब्यात असताना सगळा डेटा दिसत होता, आत सॅटाला जोडल्यावर विंडोज "फॉरमॅट करायची का" विचारतंय? नाही म्हणा. काही यूएसबी डबे मोठी डिस्क एक्सपीलाही दिसावी म्हणून ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ बाइटचे आहेत असं भासवतात. पार्टिशनचे आकडे त्या मापात लिहिलेले असतात, थेट जोडल्यावर माप बदलतं आणि सगळा पत्ता चुकतो. डिस्क परत त्याच डब्यात घाला, डेटा दुसरीकडे उतरवा, मग आत बसवून नव्याने पार्टिशन करा.

शेवटची एक तक्रार वरकरणी यातलीच वाटते: रोज सकाळी डिस्क सापडत नाही किंवा विंडोज निळ्या पडद्यावर ७बी क्रमांकाची एरर देतं, बायोसमध्ये जाऊन सेटिंग केलं की दिवसभर ठीक. बायोसचं घड्याळ बघा. तारीख बोर्ड तयार झाला त्या सुमाराची दाखवत असेल तर सीआर२०३२ सेल संपलाय. एएचसीआय (सॅटा कंट्रोलर चालवायचा मोड) आणि बूटचा क्रम रात्रीतून मूळपदावर जातो. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची पद्धत आहे, तेव्हा बोर्डाला स्टँडबायचा करंट मिळत नाही आणि सगळा भार त्या सेलवर येतो. नवीन सेल टाका, तारीख लावा, सॅटा मोड विंडोज टाकताना होता तोच ठेवा, आणि बूटचा क्रम सेव्ह करून बाहेर पडा.